अंश दिसतो, छेद हरवतो

११७ मुलांपैकी ६, आणि ९० मुलांपैकी १.

भारतातील पर्यावरणीय आरोग्याच्या इतिहासात या दोन अपूर्णांकांना फार मोठे स्थान आहे असे मी मानतो. त्यांच्याकडे दुर्लक्षही तेवढेच झाले. पहिला अपूर्णांक केरळच्या कासारगोड जिल्ह्यातील, काजूबागांच्या पायथ्याशी वसलेल्या गावातील मुलांचा. त्या बागांवर वीस वर्षांहून अधिक काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले जात होते. दुसरा अपूर्णांक तेथून सुमारे वीस किलोमीटरवरील, हवाई फवारणी न झालेल्या गावातील मुलांचा. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने १० ते १९ वर्षे वयाच्या मुलग्यांची तपासणी केली. वृषण खाली न उतरणे, जन्मजात जलवृषण आणि जन्मजात हर्निया या तीन दोषांचे एकत्रित प्रमाण पहिल्या गटात ५.१ टक्के आणि दुसऱ्या गटात १.१ टक्का आढळले. हा शोधनिबंध २००३ साली ‘एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ह्ज’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यात प्रामाणिकपणे नमूद केले होते की हा फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय नाही.

या एका वाक्याचे दोन अर्थ लावले गेले. एका बाजूने म्हटले, पाहा, शास्त्रज्ञांनाच काही सापडले नाही. दुसऱ्या बाजूने म्हटले, पाहा, प्रमाण जवळजवळ पाचपट आहे. दोन्ही बाजूंनी ते वाक्य अर्धेच वाचले. फरक लक्षणीय नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. एवढ्या थोड्या मुलांमध्ये असा फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकला असता, इतकाच त्याचा अर्थ. मी कागदावर हिशेब मांडून पाहिला. खरे प्रमाण ५.१ आणि १.१ टक्केच आहे असे गृहीत धरले आणि तो फरक पाचपैकी चार वेळा तरी पकडता यावा अशी अपेक्षा ठेवली, तर प्रत्येक गटात सुमारे ३०० मुले लागतात. तपासली गेली ११७ आणि ९०. म्हणजे या प्रश्नापुरता हा अभ्यास मुळात अपुराच होता. त्यात संशोधकांचा दोष नव्हता, कारण त्यांचा मुख्य प्रश्न वेगळा होता आणि त्याचे उत्तर त्यांना स्पष्ट मिळाले. फवारणी थांबल्यानंतरच्या वर्षी घेतलेल्या रक्तातही एंडोसल्फानचे प्रमाण पहिल्या गटात कितीतरी अधिक होते आणि त्या मुलांचे वयात येणे लांबलेले दिसत होते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणाकडे पुन्हा एकदा नीट पाहावे असे मला वाटते. एंडोसल्फानवरची बंदी योग्य होती की नाही, एवढ्यापुरता हा विषय नाही. एखाद्या भागात दुर्मीळ जन्मजात व्यंगे एकवटलेली दिसू लागली, तर ती खरोखर एकवटली आहेत का आणि त्यामागे पर्यावरणातील कारण आहे का, हे शोधण्याची व्यवस्था आपल्या देशात आहे का, हा खरा प्रश्न आहे.

आधी घटनाक्रम पाहू. कासारगोड हा केरळचा उत्तर टोकाचा जिल्हा. कोकणातल्या माणसाला तेथील जमीन ओळखीची वाटेल. तोच जांभा खडक, तशाच टेकड्या, तसाच काजू. पाण्यासाठी जांभ्यात आडवी भुयारे खोदण्याची जुनी पद्धत तेथे आहे. त्यांना सुरंगम म्हणतात. सरकारी मालकीच्या प्लँटेशन कॉर्पोरेशनच्या ताब्यात या भागात साडेचार हजारांहून अधिक हेक्टर काजूबागा होत्या. मोहर आणि कोवळी पालवी शोषून घेणाऱ्या ढेकण्या या किडीचा बंदोबस्त करण्यासाठी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात हवाई फवारणी सुरू झाली. वर्षातून दोनतीन वेळा हेलिकॉप्टर येई. टेकडीवर बाग, उतारावर घरे आणि खाली पाणी अशी तेथील रचना. अशा ठिकाणी वरून पडलेले औषध केवळ झाडावरच थांबेल, ही अपेक्षाच भाबडी होती.

पहिल्या खुणा माणसांत दिसल्या नाहीत, जनावरांत दिसल्या. पत्रकार श्री पड्रे यांनी वासरांमधील विकृतींविषयी १९८१ मध्येच लिहिले होते. पड्रे परिसरात दवाखाना चालवणारे डॉ. मोहन कुमार यांना आपल्या छोट्याशा परिसरात मेंदूचे विकार, मतिमंदत्व आणि जन्मजात व्यंगे यांचे रुग्ण फार दिसतात असे जाणवले. आपल्या व्यवसायबंधूंनी याकडे लक्ष द्यावे असे आवाहन त्यांनी वैद्यकीय नियतकालिकातून केले. कृषी खात्यात काम करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा न्यायालयात गेल्या. अखेर २०००च्या शेवटी फवारणी कायमची थांबली. २००१ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने गावातील पाणी, माती, रक्त आणि दूध यांच्या नमुन्यांत एंडोसल्फान आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगशाळेच्या तपासणीतून याच्या उलट निष्कर्ष पुढे आले. मग समित्यांमागून समित्या आल्या. काहींनी संबंध मानला, काहींनी नाकारला. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानच्या उत्पादनावर व वापरावर अंतरिम बंदी घातली. त्याच्या थोडेच आधी, एप्रिलमध्ये, स्टॉकहोम करारातील राष्ट्रांनी या रसायनाचा समावेश टप्प्याटप्प्याने संपवायच्या यादीत केला होता.

यात एक गोष्ट लक्षात घ्यावी. इशारा दिला तो एका पत्रकाराने, एका गावच्या डॉक्टरने आणि एका कृषी कर्मचारी महिलेने. सरकारदरबारी अशी एकही नोंदवही नव्हती की जी आपणहून सांगेल, या पंचायतीत गेल्या दहा वर्षांत इतकी बालके जन्मली आणि त्यांपैकी इतक्या बालकांत अमुक दोष होता. व्यंग असलेली मुले डोळ्यांना दिसत होती. एकूण जन्म किती, याचा विश्वासार्ह हिशेब कोणाकडेही नव्हता. अंश दिसत होता, छेद हरवला होता. छेद नसेल तर अपूर्णांक तयार होत नाही, आणि अपूर्णांक नसेल तर तुलना होत नाही.

केवळ अंशावरून निष्कर्ष का काढता येत नाही, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. समजा, एखादे व्यंग दर दहा हजार जन्मांत एकदा आढळते आणि एका मोठ्या गावात वर्षाला १०० बालके जन्मतात. दहा वर्षांत १,००० जन्म झाले, म्हणजे त्या गावात ०.१ बालक अपेक्षित. व्यवहारात बहुतेक गावांत शून्य. अशा गावात त्याच दहा वर्षांत तीन किंवा अधिक बालके त्या व्यंगासह जन्मण्याची संभाव्यता सुमारे ०.०००१५५ आहे, साधारण साडेसहा हजारांत एक. गावकऱ्यांच्या नजरेतून हा योगायोग असणे अशक्यच. पण आपला देश लाखो गावांचा आहे. अशी सहा लाख गावे असतील, तर त्यांपैकी नव्वदेक गावांत कोणतेही विष, कोणतेही किरण, कोणताही कारखाना नसताना केवळ योगायोगाने तीन बालके दिसतील. आणि त्या नव्वद गावांपैकी प्रत्येक गावाजवळ काही ना काही सापडेलच. कुठे खाण, कुठे भट्टी, कुठे मोबाइलचा मनोरा, कुठे फवारणी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, याला आपल्या परंपरेने काकतालीय न्याय असे नाव देऊन ठेवले आहे. साथरोगशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम या एका म्हणीत सामावलेला आहे.

तथापि हा युक्तिवाद दुधारी आहे. योगायोगाने नव्वद गावे दिसतील, याचा अर्थ एक्याण्णवावे गाव खरोखर विषबाधित नसेलच असा होत नाही. ते एक्याण्णवावे गाव ओळखायचे कसे, हे शास्त्राने सांगायला हवे. ‘योगायोग असेल’ असे म्हणून फाइल बंद करणे हे शास्त्र नव्हे. तो शास्त्राच्या भाषेत बोललेला आळस आहे.

एक्याण्णवावे गाव ओळखले गेल्याची उदाहरणे जगात आहेत. १९४१ साली सिडनीतील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्यासमोर जन्मतःच मोतीबिंदू असलेली बालके असामान्य संख्येने येऊ लागली. अशा ७८ बालकांची माहिती त्यांनी गोळा केली, मातांकडे विचारपूस केली, आणि बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता हे त्यांच्या ध्यानात आले. १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये विडुकिंट लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनी हातपाय न वाढलेल्या बालकांचा संबंध थॅलिडोमाइड या औषधाशी जोडला. या औषधामुळे जगभरात सुमारे दहा हजार बालके व्यंगासह जन्मली असा अंदाज आहे. या दोन्ही शोधांत तीन गोष्टी समान होत्या. व्यंग अगदी ठळक आणि एरवी अतिदुर्मीळ होते. संसर्ग केव्हा झाला किंवा औषध केव्हा घेतले, हे मातेला आठवत होते. आणि नेमक्या त्या काळी गर्भात तो अवयव घडत होता.

जपानमधील मिनामाता येथील गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. तेथील रासायनिक कारखान्यातून समुद्रात जाणारा मिथिल मर्क्युरी माशांतून माणसांपर्यंत पोहोचला. १९५६ मध्ये हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. गर्भातच विषबाधा झालेल्या बालकांच्या माता मात्र वरकरणी बऱ्याचशा निरोगी दिसत. वार गर्भाचे विषापासून रक्षण करते, ही त्या काळची समजूत तेथे खोटी ठरली. पण वर्षांनुवर्षांपूर्वी जन्मलेल्या मुलांच्या शरीरात जन्मावेळी किती पारा होता, हे सिद्ध कसे करणार? जपानी कुटुंबांत बाळाची वाळवलेली नाळ लहानशा पेटीत जपून ठेवण्याची प्रथा आहे. संशोधकांनी घरोघरच्या त्या नाळा मागून घेतल्या आणि त्यांतील पारा मोजला. कारखान्याचे उत्पादन ज्या वर्षांत वाढत गेले, त्या वर्षांच्या नाळांत पाराही वाढलेला होता. कोणत्याही सरकारने न राखलेली नोंदवही घरातील आयांनी राखली होती.

आता अपयशाचीही दोन उदाहरणे पाहू, कारण ती फारशी सांगितली जात नाहीत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील तीन शेतीप्रधान काउंट्यांत २०१० पासून मेंदूचा मोठा भाग न घडलेली बालके जन्मण्याचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या कित्येक पट झाल्याचे लक्षात आले. संशय प्रथम तेथील एका परिचारिकेला आला. चौकशी झाली, कीटकनाशके, पाणी, आहार, औषधे असे सगळे तपासले गेले, निश्चित कारण सापडले नाही. फ्रान्सच्या एं विभागात हात अपूर्ण असलेल्या बालकांचा एक समूह नोंदवहीत दिसला आणि २०१८ मध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. वाद मुख्यतः सीमारेषेचा होता. काही किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर प्रमाण भयावह दिसते; संपूर्ण विभाग धरला तर ते सर्वसाधारण पातळीच्या जवळ येते. अखेर तज्ज्ञांचे त्या समूहाच्या अस्तित्वाविषयीही एकमत झाले नाही. परंतु या दोन्ही ठिकाणी निदान वाद घालण्यासाठी आकडे होते. आपल्याकडे वाद आहे आणि आकडे नाहीत.

कासारगोडमध्ये नेमके हेच घडले. २०१०-११च्या सुमारास कोझिकोड वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामुदायिक वैद्यक विभागाने फवारणी झालेल्या पंचायतीची तुलना न झालेल्या भागाशी केली आणि जन्मजात दोषांचे प्रमाण अधिक असल्याचे सांगितले. २०१३ मध्ये केरळ कृषी विद्यापीठातील दोन शास्त्रज्ञांनी ‘करंट सायन्स’मध्ये अशा अभ्यासांची कठोर चिकित्सा केली. त्यांच्या आक्षेपांपैकी काही मला रास्त वाटतात. एखाद्या भागाविषयी वर्षानुवर्षे बातम्या येत असतील, तेथे आरोग्य शिबिरे भरत असतील आणि पीडितांच्या यादीवर मदत अवलंबून असेल, तर त्या भागात व्यंगे अधिक शोधली जातात आणि म्हणून अधिक सापडतात. जवळच्या नात्यातील विवाह, फोलिक आम्लाची कमतरता, गरोदरपणातील संसर्ग आणि मधुमेह या कारणांचा हिशेब न मांडता सगळा भार एका रसायनावर टाकणे शास्त्रशुद्ध नाही. हे मान्य करायला हवे, आणि पीडितांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी तर अधिक ठामपणे मान्य करायला हवे.

पण येथेच माझा मतभेदही सुरू होतो. एखाद्या अभ्यासात दोष दाखवला म्हणून रसायन निर्दोष ठरत नाही. प्रश्न केवळ अनुत्तरित राहतो. आणि तो अनुत्तरित का राहिला, याची जबाबदारी कोणावर? वीस वर्षांहून अधिक काळ वस्तीवर विषारी द्रव्य फवारणाऱ्या यंत्रणेने त्या काळात एकदाही आरोग्याची आधाररेषा आखली नाही. आधी मोजणी टाळायची आणि नंतर मोजणी नाही म्हणून संबंध नाकारायचा, हा न्याय उफराटा आहे.

त्या वेळी काय करता आले असते, याचे एक उदाहरण देतो. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर सुमारे चार आठवड्यांत मिटते. हातपाय साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात आकार घेतात. म्हणजे विशिष्ट व्यंगासाठी विशिष्ट आठवडेच धोक्याचे असतात. फवारणी तर वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच होत असे. एका रकान्यात फवारणीच्या तारखा आणि दुसऱ्या रकान्यात प्रत्येक बालकाची जन्मतारीख व त्यातील दोष मांडला असता, तर फवारणीच्या काळात गर्भधारणा झालेली बालके आणि इतर महिन्यांत झालेली बालके यांची तुलना त्याच गावात, त्याच कुटुंबांत, त्याच आहारावर आणि त्याच नातेसंबंधांच्या चौकटीत करता आली असती. पाण्यात आणि मातीत अवशेष वर्षभर राहत असतील तर हा फरक पुसट होईल हे खरे; तरीही ती एक गंभीर कसोटी ठरली असती. तिच्यासाठी महागडी उपकरणे लागत नव्हती. दोन वह्या लागत होत्या. एक बागेच्या कचेरीतली आणि एक सुईणीची किंवा प्रसूतिगृहाची.

आता भोपाळकडे वळू. १९८४ च्या डिसेंबरमधील त्या रात्रीनंतर जन्मलेल्या पिढ्यांवर वायूचा काही परिणाम झाला का, हा चाळीस वर्षे विचारला जाणारा प्रश्न आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या भोपाळ येथील संस्थेने २०१६-१७ मध्ये यावर अभ्यास केला. वायूबाधित मातांच्या १,०४८ बालकांपैकी ९ टक्क्यांत आणि बाधा न झालेल्या मातांच्या १,२४७ बालकांपैकी १.३ टक्क्यांत जन्मजात दोष असल्याचे त्यात आढळले. परिषदेच्या तज्ज्ञांना अभ्यासाच्या पद्धतीत गंभीर त्रुटी दिसल्या आणि निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचे ठरले. ही माहिती बाहेर आली ती २०२०मध्ये, पीडितांच्या संघटनांनी माहितीच्या अधिकारात कागदपत्रे मिळवल्यानंतर.

त्रुटी खऱ्याही असतील. ९ आणि १.३ या आकड्यांमधील तफावत इतकी मोठी आहे की दोन्ही गटांतील बालके सारख्याच काटेकोरपणे तपासली गेली का, ही शंका कोणत्याही चांगल्या विद्यार्थ्याला यायलाच हवी. पण सदोष अभ्यासावरचा उपाय म्हणजे निर्दोष अभ्यास. तो पेटीत बंद करणे हा उपाय होऊ शकत नाही. आकडे, पद्धत आणि आक्षेप एकत्र प्रसिद्ध झाले असते, तर वाचणाऱ्यांना स्वतः तोलून पाहता आले असते. जे लपवले जाते ते खरेच असणार, असे लोक मानतात. आणि त्याबद्दल लोकांना दोष देता येत नाही.

आपल्याकडे काहीच नाही असेही नाही. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात दोषांसाठी नवजात बालकांची तपासणी होते. आशा कार्यकर्त्या घरी जाऊन बाळ पाहतात, वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात. हे काम मोलाचे आहे. पण त्याचा हेतू मूल शोधून त्याला उपचारांपर्यंत नेणे हा आहे. कोणत्या तालुक्यात कोणता दोष वाढतो आहे, हे दर तिमाहीला तपासणे हा नाही. जन्मनोंदणीच्या नमुन्यात बाळाचे वजन, प्रसूतीची पद्धत, गरोदरपणाचे आठवडे यांसाठी रकाने आहेत. व्यंगासाठी रकाना नाही. शिवाय अनेक गंभीर व्यंगांच्या बाबतीत बाळ मृतच जन्मते किंवा सोनोग्राफीत दोष दिसल्यावर गर्भपात केला जातो. ती सगळी प्रकरणे मोजणीतून निसटतात. जिवंत जन्मलेल्यांपुरताच हिशेब ठेवला, तर सोनोग्राफीची सोय वाढेल तशी व्यंगे ‘कमी’ होत चालल्याचा भास होईल.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत.

पहिली मागणी, ठळक आणि निदानास सोप्या अशा निवडक जन्मजात दोषांची नोंद देशातील प्रत्येक प्रसूतिस्थळी बंधनकारक करावी. त्यात मृतजन्म आणि दोषामुळे झालेले गर्भपातही धरावेत. यादी लहान असली तरी चालेल. नोंद अखंड असली पाहिजे. कुटुंबाची ओळख कटाक्षाने गुप्त ठेवून तालुकावार आकडे खुले करावेत. यामुळे घबराट पसरेल हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण घबराट आकड्यांमुळे पसरत नाही, आकडे नसल्यामुळे पसरते. जेथे नोंद आहे तेथे ‘हे प्रमाण इतर तालुक्यांइतकेच आहे’ असे सांगून भीती शमवताही येते. कासारगोडच्या ज्या गावांत खरोखर काही वाढ नव्हती, त्यांनाही हा दिलासा कधीच मिळाला नाही.

दुसरी मागणी, संशय कळवण्यासाठी एक निश्चित दार असावे. गावच्या डॉक्टरला किंवा परिचारिकेला काही वेगळे जाणवले, तर ते कोणाला कळवायचे, किती दिवसांत उत्तर मिळेल आणि प्राथमिक पडताळणी कोण करील, हे लिहून ठेवलेले असावे. ग्रेग यांच्यापासून वॉशिंग्टनच्या परिचारिकेपर्यंत पहिला इशारा नेहमी जवळून पाहणाऱ्या माणसाने दिला आहे. डॉ. मोहन कुमार यांच्या आवाहनानंतर सहा महिन्यांत एखादे पथक गावात पोहोचले असते, तर पुढची वीस वर्षे वेगळी गेली असती.

तिसरी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मदत आणि कारण यांची फारकत करावी. कासारगोडमध्ये मुलाला मदत हवी असेल तर तो ‘एंडोसल्फान पीडित’ आहे हे यादीत सिद्ध व्हावे लागे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७मध्ये प्रत्येक पीडिताला तीन महिन्यांत पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. मे २०२२मध्ये त्याच न्यायालयासमोर आले की ३,७०४ पीडितांपैकी केवळ आठ जणांना ते पैसे मिळाले होते, आणि तेही न्यायालयाचे दार पुन्हा ठोठावल्यावर. यात दुहेरी हानी झाली. ज्यांना गरज होती त्यांना मदत मिळाली नाही, आणि मदतीची किल्ली कारणाच्या कुलपात अडकवल्यामुळे कारणाचा निःपक्ष शोधही अशक्य झाला. ज्या आईचे मूल अंथरुणाला खिळलेले आहे, तिने त्या मुलाच्या आजाराविषयी तटस्थ राहावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? मेंदूचा विकार एंडोसल्फानमुळे झाला असो, गुणसूत्रांतील बदलामुळे असो की कोणालाही न समजलेल्या कारणाने असो, त्या मुलाला लागणारी खुर्ची, औषध, शाळा आणि आईला लागणारी विश्रांती यांत काहीच फरक पडत नाही. ही मदत व्यंगासाठी मिळावी, कारणासाठी नव्हे. दोषी कोण हे ठरवून त्याच्याकडून भरपाई वसूल करण्याचा खटला वेगळा चालावा आणि तो पुराव्यांवर चालावा.

बंदीविषयीही असाच विवेक हवा. एंडोसल्फान मज्जासंस्थेला घातक आहे, शरीरात आणि निसर्गात रेंगाळते, आणि वस्तीवर हेलिकॉप्टरने ते फवारणे हा अविचार होता. हे म्हणण्यासाठी प्रत्येक बालकाच्या व्यंगाशी त्याचा संबंध सिद्ध होण्याची वाट पाहण्याची गरज नव्हती. खबरदारी घेण्यासाठी लागणारा पुरावा आणि दोष सिद्ध करण्यासाठी लागणारा पुरावा यांच्या पातळ्या वेगळ्या असतात. उघडे रोहित्र दिसले तर कोणाला धक्का बसेपर्यंत आपण थांबत नाही.

वैद्यकशास्त्राच्या, संख्याशास्त्राच्या आणि पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेवटी एक विनंती. ग्रामीण सेवेत किंवा आंतरवासितेत असताना प्रसूतिगृहातील जुनी नोंदवही एकदा उघडून पाहा. शेऱ्याच्या रकान्यात कुठे ‘बाळाला दोष’ एवढेच लिहिलेले दिसेल, कुठे रिकामी जागा. तुमच्या कारकिर्दीत तो रकाना पूर्ण लिहिला जाईल एवढे केलेत, तरी पुढच्या कासारगोडचा निम्मा वाद तुम्ही आजच मिटवलेला असेल.

आपल्याकडे बाळाची नाळ जपून ठेवत नाहीत, पुरतात. जेथे नाळ पुरली त्या मातीशी माणसाचे नाते आयुष्यभराचे, असे आपण मानतो. ते नाते खरे मानायचे असेल, तर त्या मातीत, त्या पाण्यात काय मिसळले आहे आणि त्यातून जन्मणाऱ्या बाळांचे काय होते आहे, याचा हिशेब ठेवणे आपल्याला भागच आहे. मिनामाताच्या आयांनी तो पेट्यांत जपून ठेवला होता. आपल्याला तो वहीत ठेवावा लागेल.